हात वर गेला की बंद होणारी वाट : जे. आर. रिचर्डचं प्रकरण

रुग्ण पुरुष, वय 30, उंची 6 फूट 8 इंच. व्यवसाय बेसबॉलमधला पिचर, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत गोलंदाज. उजव्या हाताने चेंडू टाकणारा. तक्रार अशी की काही आठवड्यांपासून उजवा हात मेल्यासारखा होतो, खांदा आणि पाठ आखडते, बोटं बधिर पडतात. सुरुवातीचे डाव नेहमीच्या जोरात टाकले जातात, मग हात एकाएकी गळून जातो. मार लागल्याचं काही आठवत नाही.

एवढ्यावर कुणालाही खांद्याचा स्नायू दुखावल्याची शंका येईल, आणि तशी ती आलीही. पण हा रुग्ण म्हणजे अमेरिकेतल्या ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज संघाचा जे. आर. रिचर्ड होता आणि साल होतं 1980. थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम, म्हणजे मान आणि काख यांच्यामधल्या अरुंद जागेत हाताच्या रक्तवाहिन्या किंवा मज्जातंतू दाबले जाण्याचा आजार, समजून घ्यायला मला याहून चांगलं प्रकरण माहीत नाही. त्यात आजार आहे, तपासण्या आहेत, तपासण्यांचा लागलेला अर्थ आहे आणि रुग्णावर न ठेवलेला विश्वासही आहे.

रिचर्ड साधासुधा खेळाडू नव्हता. 1971 साली पहिल्याच सामन्यात त्यानं 15 फलंदाजांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे त्यांना चेंडू टोलवू न देताच बाद केलं. 1978 च्या मोसमात असे 303 बळी, 1979 मध्ये 313. चेंडूचा वेग ताशी 100 मैलांच्या, म्हणजे 160 किलोमीटरच्या आसपास. 1980 च्या जुलैपर्यंत 10 विजय, 4 पराभव आणि दर नऊ डावांमागे सरासरी 1.90 धावा. 8 जुलैच्या ऑल-स्टार सामन्यात, म्हणजे दोन लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यात, नॅशनल लीगकडून पहिला चेंडू टाकायचा मानही त्यालाच मिळाला.

हे आकडे त्याच्याच विरोधात गेले. असे आकडे असणाऱ्याचा हात दुखेल कसा? वर्तमानपत्रांतून कुजबुज सुरू झाली : आळशी आहे, मनापासून खेळत नाही, नव्यानं संघात आलेल्या नोलन रायनला वर्षाला दहा लाख डॉलर मिळतात म्हणून रुसलाय. काहींनी अमली पदार्थांकडेही बोट दाखवलं. रिचर्ड कृष्णवर्णीय होता आणि पत्रकारांशी फारसा मोकळा नव्हता. या दोन गोष्टींचा त्या कुजबुजीशी संबंध नव्हता असं मानणं मला जड जातं.

14 जुलैला अटलांटाविरुद्धच्या सामन्यात चौथ्या डावात त्याला मैदान सोडावं लागलं. हात आणि बोटं बधिर तर होतीच, शिवाय कॅचरच्या (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या) खुणा नीट दिसत नाहीत असंही तो म्हणत होता. हे दुसरं वाक्य माझ्या मते पहिल्याहून महत्त्वाचं होतं. दुखऱ्या खांद्यानं कुणाची नजर अंधुक होत नाही. हात आणि डोळे एकाच वेळी तक्रार करत असतील, तर दोघांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या जिथून फुटतात तिथे आधी पाहायला हवं.

ती जागा म्हणजे मान आणि काख यांच्यामधला एक अरुंद बोळ. छातीतून निघालेली सबक्लेव्हियन धमनी पहिल्या बरगडीवरून हाताकडे वळते. तिथे तिच्या पुढे एक आणि मागे एक असे मानेचे दोन स्केलीन स्नायू असतात. ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेच्या मणक्यांतून निघून संपूर्ण हाताला जाणारा मज्जातंतूंचा जुडगा, याच दोन स्नायूंमधून धमनीच्या सोबतीनं उतरतो. हाताची मुख्य शीर, म्हणजे हातातलं रक्त हृदयाकडे परत नेणारी वाहिनी, मात्र पुढच्या स्केलीन स्नायूच्याही पुढून, कॉलरबोनला लगटून जाते. मग हे सगळं कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्यामधून आणि शेवटी छातीच्या पेक्टोरॅलिस मायनर या लहान स्नायूखालून काखेत पोचतं. म्हणजे एका मार्गात तीन चिंचोळ्या जागा. कुठे काय दाबलं जातं त्यावर आजाराचं रूप ठरतं. तंतू दाबले गेले तर एक, शीर दाबली गेली तर दुसरं, धमनी दाबली गेली तर तिसरं.

यातली मेख अशी की हात बाजूला सैल सोडलेला असताना बहुतेकांच्या शरीरात तिथे पुरेशी जागा असते. हात वर आणि मागे गेला की कॉलरबोन बरगडीकडे सरकते, पेक्टोरॅलिस मायनर ताणला जातो आणि जागा आक्रसते. काहींना जन्मतः मानेत एक जादा बरगडी असते, शंभरात एकाहूनही कमी लोकांना, आणि त्यातल्याही बऱ्याच जणांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. काहींच्या स्नायूंना एखादा कडक तंतुमय पट्टा जोडलेला असतो. काहींना अपघातात मानेला झटका बसतो आणि स्केलीन स्नायू कायमचे घट्ट होतात. रिचर्डच्या बाबतीत धंदाच असा होता की हजारो वेळा, पूर्ण ताकदीनिशी, हात वर आणि मागे न्यायचा. क्रिकेटचा गोलंदाज कोपर सरळ ठेवून हात फिरवतो. बेसबॉलचा पिचर कोपर वाकवून खांदा मागे पिळतो आणि मग झटक्यात सोडतो. पिळलेल्या त्या क्षणी धमनी हाडांच्या आणि स्नायूंच्या कात्रीत सापडते.

एखादी धमनी अशी वारंवार चेपली गेली की तिचं आतलं अस्तर दुखावतं. त्यावर रक्ताच्या गुठळ्या धरू लागतात. चेपलेल्या जागेच्या पुढचा भाग कधीकधी फुगतो, आणि त्या फुगवट्यात रक्त रेंगाळून आणखी गुठळ्या होतात. त्यांचे बारीक तुकडे सुटून बोटांकडे वाहतात. बोट थंड पडणं, पांढरं होणं, नखाखाली काळसर रेघा दिसणं ही सगळी त्या तुकड्यांची लक्षणं. पहिले डाव उत्तम आणि नंतर हात गळतो याचाही उलगडा इथेच होतो : काम वाढलं की स्नायूला जादा रक्त हवं असतं, आणि अडलेल्या धमनीतून ते पोचत नाही. रिचर्ड आळशी नव्हता, त्याच्या हाताला रक्त कमी पडत होतं.

23 जुलैला त्याला ह्यूस्टनमध्येच रुग्णालयात दाखल केलं. शारीरिक तपासण्यांसोबत मानसशास्त्रीय चाचण्याही ठेवल्या होत्या, यावरून त्या वेळची हवा कळते. अँजिओग्राफीत मात्र जे दिसलं ते मनाचे खेळ म्हणून बाजूला सारण्यासारखं नव्हतं. उजव्या सबक्लेव्हियन धमनीचा शेवटचा भाग आणि पुढची काखेतली धमनी बंद होती. डाव्या हाताचा रक्तदाब व्यवस्थित, उजव्या हाताचा जवळजवळ शून्य. 25 जुलैला मानेतल्या धमन्या तपासल्या, त्या ठीक निघाल्या. तातडीनं शस्त्रक्रिया नको असं ठरलं आणि देखरेखीखाली हलका सराव करायला परवानगी मिळाली.

आज वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या वेळचा विचार समजून घेता येतो. मुख्य धमनी हळूहळू बंद झाली की शेजारच्या बारीक वाहिन्या रुंद होऊन हाताला जगण्यापुरतं रक्त पुरवत राहतात. असा हात विश्रांतीत उबदार असतो, सडायला आलेला नसतो. मग प्रश्न उरतो तो फक्त खेळता येईल की नाही एवढाच. घोटाळा असा की अडथळा कुठे आहे हे सापडलं म्हणून सगळे थांबले. तिशीतल्या धडधाकट माणसाची धमनी अशी बंद झालीच का, हे त्या चित्रात नव्हतं. सिगारेट, मधुमेह, कोलेस्टेरॉल यांनी पायाच्या किंवा हृदयाच्या धमन्या बंद होतात. एकाच हाताची, आणि तीही चेंडू टाकणाऱ्याच हाताची, धमनी बंद होते तेव्हा शंका हालचालीवर घ्यायला हवी. आणि हालचाल तपासायची तर हात हलवून पाहावा लागतो.

30 जुलै. अ‍ॅस्ट्रोडोम स्टेडियमवर सराव चालू होता. चेंडू टाकता टाकता रिचर्डच्या डाव्या कानात तीव्र आवाज घुमू लागला, अंगातली ताकद गेली आणि तो मैदानावर कोसळला. पक्षाघाताचा झटका होता. त्याच संध्याकाळी तातडीची शस्त्रक्रिया करून मानेतल्या उजव्या कॅरोटिड धमनीतली गुठळी काढावी लागली. जीव वाचला, पण शरीराची डावी बाजू लुळी पडली.

दुखत होता उजवा हात, मग डावी बाजू कशी गेली? आणि गुठळी हाताच्या वाटेवरून मेंदूकडे, म्हणजे रक्ताच्या प्रवाहाच्या उलट दिशेनं, पोचलीच कशी? उत्तर शरीररचनेच्या एका असमानतेत आहे. उजव्या बाजूला सबक्लेव्हियन आणि कॅरोटिड या दोन्ही धमन्या एकाच आखूड खोडातून फुटतात. हाताची वाट पूर्ण तुंबली की गुठळी मागे मागे वाढत त्या फाट्यापर्यंत येऊ शकते, आणि तिथून कॅरोटिडच्या जोरदार प्रवाहात सापडली की थेट मेंदूत. डाव्या बाजूला कॅरोटिड महाधमनीतून स्वतंत्र निघते, त्यामुळे डाव्या हाताच्या बाबतीत नेमकी ही वाट नसते, जरी मानेच्या मागच्या व्हर्टिब्रल धमनीमार्गे धोका दोन्हीकडे असतो. उजवी कॅरोटिड मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागाला रक्त देते, आणि तो भाग शरीराची डावी बाजू चालवतो.

नंतरच्या सीटी स्कॅनमध्ये एक नव्हे, तीन वेगवेगळ्या झटक्यांच्या खुणा दिसल्या. आणि मग हात बाजूला वर उचललेल्या स्थितीत अँजिओग्राम काढले गेले, तेव्हा कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्यात धमनी चेपली जात असल्याचं स्पष्ट दिसलं. निदान झालं : धमनीचा थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम. हे प्रकरण 1986 मध्ये न्यूरोरेडिओलॉजीच्या एका नियतकालिकात सविस्तर छापून आलं, रुग्णाचं नाव न घेता, ‘मेजर लीगचा’, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च श्रेणीच्या बेसबॉलचा, ‘पिचर’ म्हणून. ओळखणाऱ्यांनी अर्थातच ओळखलं.

इथे सावध करायला हवं, नाहीतर हे वाचून हाताला मुंग्या येणारा प्रत्येक जण पक्षाघाताच्या भीतीनं रात्र काढेल. रिचर्डला झाला तो प्रकार सर्वांत दुर्मिळ, शंभर रुग्णांत साधारण एक. नव्वदहून अधिक रुग्णांमध्ये दाबले जातात ते मज्जातंतू. त्यात मान-खांदा-हात दुखतो, करंगळी आणि अनामिका बधिर होते, केस विंचरताना, दोरीवर कपडे वाळत घालताना, फळ्यावर लिहिताना हात भरून येतो आणि खाली घ्यावा लागतो. फार जुन्या, दुर्लक्षित रुग्णांत अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट होत जातो. शिरेचा प्रकार शंभरात तीन ते पाच जणांत. तो ओळखायला सोपा : जिममध्ये वजन उचलणाऱ्या किंवा पोहणाऱ्या तरुणाचा हात एक-दोन दिवसांत सुजतो, जड आणि निळसर होतो, खांद्यावरच्या शिरा फुगून दिसतात. त्यात काखेजवळच्या शिरेत गुठळी झालेली असते. असा हात घेऊन घरी शेकत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

मज्जातंतूंच्या प्रकाराचं निदान हा मात्र डॉक्टरांमधल्या जुन्या वादाचा विषय आहे, आणि वाद रास्त आहे. कारण एका चाचणीनं हो किंवा नाही असं उत्तर मिळत नाही. अ‍ॅडसन चाचणीत मान बाजूला वळवून खोल श्वास घ्यायला सांगतात आणि मनगटाची नाडी नाहीशी होते का ते पाहतात. ती धडधाकट माणसांतही बऱ्याचदा नाहीशी होते. रूस चाचणीत दोन्ही हात चोर-पोलिसातल्या ‘हात वर’सारखे धरून तीन मिनिटं मुठी उघडायच्या-मिटायच्या असतात. निरोगी माणूस दमतो पण पूर्ण करतो. या आजाराचा रुग्ण बऱ्याचदा मधेच हात खाली सोडतो आणि त्याला रोजचाच त्रास तिथेच सुरू होतो. मला यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं वाटतं. नाडी गेली की नाही यापेक्षा रुग्णाची नेहमीची तक्रार जशीच्या तशी उभी राहिली का, हे जास्त सांगून जातं.

त्यापलीकडे मानेचा आणि छातीचा एक्स-रे जादा बरगडीसाठी. मानेचा एमआरआय मणक्यातली गादी सरकली आहे का ते पाहायला. नसांच्या, म्हणजे मज्जातंतूंच्या, तपासणीतून मनगटात किंवा कोपरात नस दबली आहे का ते कळतं. मनगटात दबली तर बधिरपणा अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांत येतो, करंगळीत नाही. तंबाखू ओढणाऱ्या माणसाचा खांदा आणि करंगळीची बाजू दुखत असेल तर फुप्फुसाच्या टोकाचा कर्करोगही वगळावा लागतो, आणि हे विसरणं महाग पडतं. रक्तवाहिन्यांसाठी डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) किंवा सीटी अँजिओग्राफी, एकदा हात खाली ठेवून आणि एकदा वर करून. तरीही शंका उरली तर स्केलीन स्नायूत भूल देणारं इंजेक्शन देतात. त्यानं काही तासांपुरता त्रास ओसरला तर निदानाला बळ मिळतं आणि शस्त्रक्रियेचा उपयोग होईल का याचाही अंदाज येतो. आपल्याकडे अशा रुग्णांची पहिली ओळख बहुधा ‘स्पॉन्डिलोसिस’, म्हणजे मानेच्या मणक्यांची झीज, या शिक्क्याशी होते आणि गळ्यात पट्टा येतो. कधी तो शिक्का बरोबरही असतो. पण मानेच्या एमआरआयमध्ये चाळिशीनंतर बहुतेकांच्या गाद्या थोड्याफार झिजलेल्या दिसतातच, म्हणून तेवढ्यावर थांबू नये.

उपचारांची दिशा प्रकारावर ठरते. मज्जातंतूंच्या प्रकारात आधी फिजिओथेरपी, निदान सहा ते बारा आठवडे, आणि तीही हा आजार ओळखणाऱ्या माणसाकडून : पुढे झुकलेले खांदे मागे आणणं, फऱ्याचे स्नायू मजबूत करणं, छातीचे आणि मानेचे आखडलेले स्नायू सैल करणं, मानेच्या स्नायूंऐवजी पोटानं श्वास घ्यायला शिकणं. सुरुवातीलाच जड वजनं दिली तर त्रास वाढतो. एवढं करूनही हाताची ताकद जात राहिली किंवा रोजचं काम अशक्य झालं तर पहिली बरगडी आणि स्केलीन स्नायू काढून वाट मोकळी करतात. काखेतून ही बरगडी काढायची पद्धत डेव्हिड रूस यांनी 1966 मध्ये मांडली, वरच्या चाचणीला नाव त्यांचंच. कॉलरबोनच्या वरून छेद घेऊनही ती काढतात. फुप्फुसाला छिद्र पडणं, श्वासपटलाच्या नसेला किंवा हाताच्या तंतूंना इजा होणं हे धोके खरे आहेत, म्हणून अशा शस्त्रक्रिया वारंवार करणारा सर्जन शोधावा. शिरेच्या प्रकारात कॅथेटरमधून औषध सोडून गुठळी विरघळवतात, शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत, आणि मग बरगडी काढतात. नुसत्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर भागवलं तर दाबणारं हाड तिथेच राहतं.

आणि धमनीचा प्रकार? तिथे व्यायामानं बघू असं म्हणायला जागा नसते. आज रिचर्डसारखा रुग्ण आला, एका हाताचा रक्तदाब जवळजवळ शून्य, तर त्याला लगेच रक्त गोठू न देणारं औषध सुरू होईल, हाताला पूर्ण विश्रांती मिळेल, गुठळी काढली जाईल, बरगडी जाईल आणि खराब झालेला धमनीचा तुकडा काढून तिथे दुसरी रक्तवाहिनी जोडली जाईल. हलक्या सरावाला कुणी पाठवणार नाही.

रिचर्डच्या हाताच्या धमनीवर पुढे त्याच वर्षी आणखी एक मोठी शस्त्रक्रिया झाली. 1982 आणि 1983 मध्ये त्यानं खालच्या श्रेणीच्या संघांतून पुनरागमनाचा प्रयत्न केला. उजवा हात चेंडू टाकत होता, पण झटक्यानं डावी बाजू मंदावली होती. चेंडू झेलताना, समोरून आलेल्या फटक्याला प्रतिसाद देताना शरीर वेळेवर हलत नसे. 1984 मध्ये संघानं त्याला मुक्त केलं. डॉक्टरांविरुद्धच्या खटल्यात तडजोड होऊन भरपाई मिळाली, पण फसलेल्या व्यवहारांत आणि घटस्फोटांत पैसा गेला, आणि 1994 च्या सुमारास तो ह्यूस्टनमध्येच एका पुलाखाली राहत होता. पुढे चर्चच्या मदतीनं सावरला, स्वतः धर्मोपदेशक झाला. 2021 च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या 71 व्या वर्षी, त्याचं निधन झालं.

अविश्वासाची गोष्ट मात्र 1980 मध्ये संपली नाही. 2017 साली अमेरिकन बास्केटबॉलच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर घेतलेला मार्केल फुल्ट्झ फिलाडेल्फियाच्या संघात येताच चेंडू फेकायची आपली शैलीच हरवून बसला. फ्री थ्रो, म्हणजे कुणाचा अडथळा नसताना बास्केटमध्ये टाकायचा चेंडू, टाकताना हात मधेच अडखळायचा. त्याच्या चित्रफिती चेष्टा म्हणून फिरल्या. डोक्यातला गोंधळ आहे, दडपण आहे, असं सांगणारे शेकड्यांनी होते. डिसेंबर 2018 मध्ये निदान झालं : मज्जातंतूंचा थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम. त्याची बरगडी काढावी लागली नाही. फिजिओथेरपी झाली, दरम्यान संघ बदलला, आणि 2019-20 चा जवळजवळ सगळा मोसम तो ऑर्लँडोकडून खेळला.